गॅस्केटला रंग लावत नाहीत, विनू

विनू, तुझी शोकसभा काल झाली. शोभावहिनींनी मला पहिल्या रांगेत बसवलं, नाहीतर मी दाराशी उभा राहून मधूनच सटकणार होतो. ज्या ट्रस्टच्या ॲम्ब्युलन्सची आणि शववाहिकेची इंजिनं तू आयुष्यभर सांभाळलीस, त्या ट्रस्टचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. "विनायक भैया इंजन के डॉक्टर थे," ते म्हणाले. "हाथ रखके बीमारी बता देते थे." लोकांनी माना डोलावल्या. तू इंजिनावर हात ठेवायचास तेव्हा काय व्हायचं ते मी लहानपणापासून बघत आलो आहे. चटका बसायचा आणि तू शिवी द्यायचास.

त्यानंतर अध्यक्षांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि सांगितलं की शेवटच्या प्रवासात तुझी शववाहिका रस्त्यात बंद पडली, ती तुझ्या आत्म्यानेच बंद पाडली. हॉल गहिवरला. माझ्या शेजारचे गृहस्थ तर हुंदका देऊन रडले. आणि मग अध्यक्ष मला म्हणाले, "सुधाकर भैया, आप तो बचपन के साथी हैं, दो शब्द." मी मान हलवून नको म्हटलं. माझ्याकडे शब्द पुष्कळ होते, पण समोर तुझा हार घातलेला फोटो होता आणि वहिनी बसल्या होत्या. ते शब्द आता इथे लिहितो. तुला ऐकावेच लागतील, कारण पहिल्यांदाच तू मध्ये बोलू शकत नाहीस.

तुझी शववाहिका आत्म्याने बंद पडली नाही. हेड गॅस्केटने बंद पडली. आणि ते गॅस्केट तू बसवलं होतंस.

आपलं सगळं भांडण या एका पातळ पत्र्याचं. इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मध्ये तो बसतो. एका बाजूला आग, एका बाजूला पाणी, एका बाजूला तेल, आणि तिघांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. तो फाटला की पाणी उकळतं, पांढरा धूर निघतो आणि गाडी जिथे असेल तिथे बसते. पुरानी बस्तीतल्या एका गल्लीत आपण वाढलो, तुझ्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये एकाच वेळी हात काळे केले, आणि मग मी रस्त्याच्या या बाजूला गॅस्केटचं दुकान टाकलं आणि तू त्या बाजूला बाबांचं वर्कशॉप चालवलंस. शहाण्या माणसांनी यातून दोघांचं भलं केलं असतं. तू काय केलंस? गिऱ्हाईक माझ्याकडून चांगलं स्टीलचं गॅस्केट घेऊन रस्ता ओलांडायचं, तू ते पाकीट माझ्या डोळ्यांसमोर बाकड्यावर फेकायचास आणि तांब्याचं काढायचास. वर मला दिसेल असं वळून बघायचास.

तांबं, तांबं, तांबं. तुझं ते प्रवचन मला पाठ आहे. "सुध्या, तांब्याले आगीत लाल कर, पाण्यात बुडव, ते लोण्यासारखं होते. मग जशी जागा भेटली तसं बसते. तुयं स्टील अकडू आहे, तुयासारखंच."

मी काय कमी वेळा समजावलं? जुन्या गाड्यांना तुझं तांबं ठीक होतं. खाली लोखंड, वर लोखंड, दोन्ही सारखंच तापायचं, सारखंच फुगायचं. पण आता हेड ॲल्युमिनियमचं येतं. ते खालच्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं, तापताना सरकतं, थंड होताना परत येतं. मधला पत्रा रोज घासला जातो. तांबं त्या घासण्याने कडक होतं आणि एक दिवस सोडून देतं. स्टीलच्या पातळ पत्र्यांचा थर असेल तर तो दबतो आणि परत उठतो, स्प्रिंगसारखा. गॅस्केट निवडताना वर काय आहे, खाली काय आहे, इंजिन किती तापतं आणि हेडचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे, एवढं विचारायचं असतं. पृष्ठभाग खडबडीत असेल तर स्टील नको, ग्राफाइटचं घ्या, हेही मीच सांगायचो. माझं कुठल्या पत्र्यावर प्रेम नव्हतं. तुझं होतं.

यावर तू काय म्हणालास ते आठवतं? टपरीवर सगळ्या मेकॅनिकांसमोर, बशीत चहा ओतत: "स्प्रिंग बोनेटखाली नसते सुध्या, सीटखाली असते." सगळे हसले. मूर्खांच्या घोळक्यात हशा मिळवायला तुला नेहमीच जमायचं.

त्यात आपलं शहर नव्या राज्याची राजधानी झालं आणि तुझं डोकं पार फिरलं. रातोरात शहरात पांढऱ्या गाड्या वाढल्या. शंकर नगरच्या बंगल्यांसमोर साहेबांची वाट बघत त्या उन्हात उभ्या, इंजिन चालू, एसी चालू, कारण साहेब बसतील तेव्हा सीट थंड पाहिजे. जागच्या जागी तापून तापून त्यांची गॅस्केटं जायची आणि ड्रायव्हर त्या तुझ्याकडे आणायचे. तू शर्टाची कॉलर वर करून फिरायला लागलास. "राजधानी माया तांब्यावर चालून राहिली," असं म्हणायचास. राजधानी तुझ्या तांब्यावर चालत नव्हती, विनू. तुझं तांबं सोडून देण्याआधी साहेब बदलायचे आणि साहेबांबरोबर गाडी बदलायची, म्हणून तू वाचायचास. हे मी तुला तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर तू महिनाभर बोलला नाहीस, आणि मग एके दिवशी काही झालंच नाही अशा थाटात माझ्या दुकानात येऊन माझ्या डब्यातली भाजी खाल्लीस.

एक मात्र सांगतो, आणि हे त्या हॉलमधल्या एकालाही माहीत नव्हतं. हेड घासून सपाट करण्यात तुझा हात धरणारा या शहरात कोणी नव्हता. तू मशीनवरून उतरवलेल्या हेडवर मी पट्टी ठेवून उजेडाला धरायचो, खोट काढायला, आणि पट्टीखालच्या फटीतून कधी उजेड दिसला नाही. मला राग यायचा. इतका गुळगुळीत पृष्ठभाग करायचा आणि त्यावर तांबं ठेवायचं, म्हणजे रेशमी साडीला गोणपाटाचं अस्तर. आणि त्या तांब्यावर रंग.

तो रंग. तुझ्या बाबांचा चांदी रंग. त्या काळी पृष्ठभाग ओरखड्यांनी भरलेले असायचे, म्हणून बाबा गॅस्केटच्या दोन्ही बाजूंना रंगाचा हात फिरवायचे. ओरखडे भरायचे, गळती थांबायची, त्यात काही चूक नव्हतं. पण बाबा गेले, ओरखडे गेले, रंग राहिला. दसऱ्याला तू पान्यांच्या पूजेत तो डबाही मांडायचास, हळदकुंकू वाहायचास. तुला विचारलं की आता कशाला, तर म्हणायचास, "बाबा लावत होते." तू प्रत्येक वादात हरायला लागलास की बाबांना मध्ये आणायचास.

तुला शेवटची आंघोळ घालताना मी पाणी ओतत होतो. तुझे हात धरले तर नखांमध्ये तो रंग. दहाही बोटांत. मी ओल्या फडक्याने पुसायला लागलो, निघेना. मग रॉकेल मागवलं. वहिनी दारातून म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. जलमभर निघाला नाही, आता काय निघते." मी फडकं ठेवून दिलं. तुझा हात हातात होता आणि मला रडायला येत नव्हतं, रागच येत होता. मरायच्या आठवड्यातही हा माणूस कुठलं तरी गॅस्केट रंगवत बसला होता, हाच विचार डोक्यात घोळत होता.

ते कुठलं, हे दुपारी कळलं. तुला घेऊन महादेव घाटाकडे निघालो. मनहरण चालवत होता, तोच ट्रस्टच्या दोन्ही गाड्या चालवतो. चौक ओलांडला आणि बोनेटमधून वाफ. मनहरण उतरला, माझ्याकडे बघून कानकोंडा झाला. "तात होगे भैया. पानी नइ रुकत हे." गाडी तापली होती, पाणी टिकत नव्हतं. पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येणारी गाडी असती तर ठीक, ही आठवड्यापूर्वी तुझ्याकडून गेलेली होती. मी बोनेट उघडलं. पाण्याच्या टाकीत बुडबुडे येत होते. आग पाण्यात शिरली होती. मागे तू तिरडीवर, आणि पुढे मी तुझं काम तपासतोय.

अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मन नहीं है भैया का जाने का." मी त्यांचा हात काढला. मग आम्ही तुला खांद्यावर घेतलं आणि उरलेला रस्ता भर उन्हात चाललो. लोक रामनाम घेत होते. मी तुला शिव्या देत होतो, तोंडातल्या तोंडात, घाटापर्यंत. आणि तू जड होतास, हेही तुला कोणी सांगितलं नसेल.

दोन-चार दिवसांनी मृणाल माझ्या दुकानात आली. तुझ्या पोट्टीला मराठी समजतं सगळं, पण बोलते हिंदीच, यावरूनही तू आयुष्यभर वहिनींशी भांडलास. ती म्हणाली, "काका, वर्कशॉप मैं चलाऊँगी. पर पहले देखना है, शववाहन में क्या हुआ. आप साथ में खोलोगे?" मी लगेच उठलो. खरं सांगतो, मला हौस होती. तांबं बाहेर काढायचं, फुटलेली जागा दाखवायची आणि म्हणायचं की बघ, तुझा बाप चूक होता. इतक्या वर्षांचा निकाल लागणार होता आणि तू गैरहजर होतास, एवढंच वाईट वाटत होतं.

हेड उचललं. खाली तांबं नव्हतं.

स्टील होतं, विनू. पातळ पत्र्यांचा थर, अगदी तसलंच जे मी तुझ्या बाकड्यावर पाठवायचो आणि तू फेकायचास. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चांदी रंगाचा जाड हात. सिलिंडरच्या कडेला रंग जळून गेलेला, तिथे फट पडलेली, आणि फटीतून आगीने वाट काढलेली. बोल्टही सैल झाले होते, कारण रंग जळून बसला की मधली जाडी कमी होणारच. पत्रा चांगला होता. तुझा पृष्ठभाग तर आरसा होता. कोरडं ठेवून कसलं असतंस तर ती शववाहिका तुला घाटावर नेऊन, मलाही कधीतरी घेऊन गेली असती.

मी खाली बसलो, तिथेच, तेलकट फरशीवर. मृणालला वाटलं मला चक्कर आली. तिने पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "पापा कब से स्टील ही लगा रहे थे नई गाड़ियों में. स्टेशन तरफ वाली दुकान से मँगवाते थे मुझसे. बोले थे, सुधा काका को मत बताना, सिर पे बैठेगा."

स्टेशनकडच्या दुकानातून. रस्ता ओलांडून वीस पावलांवर मी होतो, आणि तू पोरीला गावभर फिरवत होतास, मला कळू नये म्हणून. टपरीवर माझ्यावर हशा मिळवत होतास आणि हेडखाली माझं म्हणणं बसवत होतास. तुझ्यासारखा नीच माणूस मी पाहिला नाही. आणि इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हेही लिहून टाकतो.

पण मृणाल माझ्यापेक्षा लवकर शुद्धीवर आली. तिने गॅस्केट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "काका, ॲम्ब्युलन्स का काम भी पापा ने उसी हफ्ते किया था ना?"

मी फरशीवरून उठलो. शववाहिका बंद पडली तर आत निजलेल्याला काही फरक पडत नाही. ॲम्ब्युलन्स अभनपूरहून पेशंट घेऊन येते. आम्ही लगेच ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. मनहरण किल्ली घेऊन निघायच्याच बेतात होता, अभनपूरहून फोन आला होता, म्हातारीला छातीत दुखत होतं. मी म्हटलं ही गाडी जाणार नाही, उघडावी लागेल. अध्यक्ष खुर्चीतून उठले. मला वाटलं घाबरले. ते म्हणाले, "सुधाकर भैया, आखिरी काम है उनके हाथ का. उसको मत खोलिए. हमारे लिए तो अब वो प्रसाद है."

प्रसाद. मी त्यांना काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, वहिनी वाचतील. पण मी ओरडत राहिलो आणि काम मृणालने केलं. तिने फोन करून दुसरीकडची ॲम्ब्युलन्स अभनपूरला पाठवली, गाडी निघाल्याची खात्री केली, आणि मग अध्यक्षांकडे न बघता म्हणाली, "मनहरण भैया, ॲम्ब्युलन्स वर्कशॉप में लगाओ." मनहरणने एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "हव दीदी," म्हणाला आणि किल्ली फिरवली. मृणाल तुझ्यासारखीच आवाज न चढवता बोलली. नाही, तू चढवायचास. वहिनींवर गेली आहे.

ॲम्ब्युलन्सचं हेड उचललं. तेच. स्टील, आणि वर रंग. सिलिंडरच्या एका कडेला काळी रेघ पडायला लागली होती, म्हणजे आग आत यायच्या तयारीत होती. आणखी काही फेऱ्या, आणि मग अभनपूरच्या रस्त्यावर भर उन्हात वाफ, आत कुणाची तरी आई. अध्यक्ष बघायला आले होते. त्यांना मी ती रेघ बोटाने दाखवली. त्यांनी वाकून ती नीट पाहिली. मला वाटलं, चला, एक माणूस तरी सुधारला. मग त्यांनी हात जोडले आणि पुटपुटले, "अपनी गाड़ी रोककर भैया इशारा दे गए."

तर आता हेही श्रेय तुलाच. चूक तू केलीस, पकडली तुझ्या पोरीने, आणि काल हॉलमध्ये कौतुक तुझ्या आत्म्याचं. मी सोडून दिलं. जिवंतपणी तुझ्याशी जिंकलो नाही, मेल्यावर काय जिंकणार.

घरी वहिनींना सांगितलं, रंगामुळे झालं म्हणून. मला भीती होती त्यांना लागेल. त्या एकदम हसायला लागल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. "काहून लावला असंन त्यानं? जेवायला बसायच्या आधी रोज सांगून राहिली होती मी, तो रंग धू, तो रंग धू," म्हणाल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडल्या. मग मलाही जमलं, जे आंघोळीच्या वेळी जमलं नव्हतं.

तू काहून लावलास हे मला माहीत आहे. तुला माझं पटलं होतं, पण बाबांना सोडवत नव्हतं. म्हणून पत्रा माझा घेतलास आणि रंग त्यांचा. दोघांचं मन राखलंस आणि इंजिन घालवलंस. मला एकदा विचारायचं होतंस, विनू. रस्ता ओलांडून यायचं आणि विचारायचं, की सुध्या, स्टीलवर रंग चालते काय? मी हसलो असतो. टपरीवर सगळ्यांना बोलावून हसलो असतो, वर्षभर तुझं जगणं नकोसं केलं असतं. पण सांगितलं असतं, की नाही चालत, कोरडं ठेव. एवढ्या हसण्याला घाबरलास तू. राजधानीच्या गाड्यांना न घाबरणारा माणूस.

ॲम्ब्युलन्सचं काम आम्ही दोघांनी केलं. मृणाल म्हणाली, "हेड फिर से घिसना पड़ेगा क्या?" मी पट्टी ठेवली, उजेडाला धरली. उजेड दिसला नाही. म्हटलं, हात लावू नको, नुसतं साफ कर, यापेक्षा चांगलं या शहरात कोणी करणार नाही. तुझा हात आहे तसा ठेवला. नवं स्टील आणलं, माझ्या दुकानातून, रस्ता ओलांडून, आणि कोरडं बसवलं. मृणालने बोल्ट क्रमाने कसले. मनहरण अभनपूरला रिकामी गाडी फिरवून आणून म्हणाला की तापमानाचा काटा मध्येच आहे, हलत नाही.

मग तिने तुझा तो डबा उचलला आणि मला विचारलं, याचं काय करायचं. फेकून दे, असं तोंडावर आलं होतं. पण तिने डबा दोन्ही हातांनी धरला होता. ॲम्ब्युलन्सचा मागचा बंपर गंजलेला होता. मी ब्रश शोधून दिला. ती उकिडवी बसली आणि बंपरला दोन हात दिले, वरून खाली, तुझ्यासारखेच, आणि उठली तेव्हा तिची नखं चांदीची झाली होती.

रंग तिथे लावायचा असतो, विनू. बाहेरून.